यादीतलं ‘जुनं लाकूड’

करुणाताई,

फोनवर तू रोज विचारतेस, “वरठीच्या नव्या घरी बाबाचा हातमाग लागला काय?” अन् मी म्हणते, कारागीर येऊन राहिला. ताई, तो माग आता लागत नाई. जुन्या घराच्या दारातून निघेना म्हणून सामान नेणाऱ्या कंपनीच्या माणसायनं तो करवतीनं कापला. करारात तं लिवलं होतं, एकही वस्तू तुटणार नाई.

वकीलबाई म्हणाल्या, आधी नोटीस देऊ, मग भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगात तक्रार; दोन वर्षांची मुदत असते. नोटीस गेली. कंपनीचं उत्तर आलं, यादीत माग नाईच, ‘जुनं लाकूड’ आहे.

ते खरं आहे. यादी करणाऱ्यानं विचारलं, “हे काय व्हय?” तवा सुनेच्या माहेरचे लोक समोर चहा पिऊन राहिले होते. मले विणकर म्हणवून घ्याची लाज वाटली. “काही नाई, जुनं लाकूड,” म्या म्हटलं. माग म्हटलं असतं, तं त्यायनं खुंट्या काढून सुटा केला असता.

वकीलबाई रागावल्या नाईत. “कापलेल्या तुकड्यांचे फोटो आहेत,” म्हणाल्या, “पण तो माग होता, हे तुम्हालाच शपथेवर सांगावं लागेल.” प्रतिज्ञापत्रात माह्या धंद्यापुढं त्यायनं ‘गृहिणी’ लिवलं होतं. म्या ते खोडलं, ‘विणकर’ लिवलं अन् बाजूले सही केली.

आयोगापुढं सांगाले भेव नाई वाटत, ताई. तुले सांगाले वाटते.

तुही लहानी,
विजयमाला