पेटीले भोक पाडावं का नाही

ता. ३ एप्रिल १९६३, दारव्हा
आज बायांच्या वर्गात गुरुजींनी माही वही पाहिली. म्हणे, आजी, काने-मात्रे चुकतात, पण लिहिणं सोडू नका. सोडत नाही म्हटलं.
सुखदेव, माहा पोरगा, यवतमाळहून आला. टाकीजवाल्यानं काढून टाकलेला स्पीकर आणला. ताटाएवढा, मधात काळा कागद. मोटारीत मांडीवर धरून आणला, लेकरू आणल्यावानी. याले सागवानाची पेटी करणार. बुद्धपौर्णिमेले बोरी अरबला गाण्याचा कार्यक्रम आहे, सु. ढोलक वाजवते. पत्र्याच्या भोंग्यात ढोलक डबा वाजवल्यावानी येते, म्हणून हा खटाटोप. पाहता पाहता माही भाजी करपली.

ता. ९
पेटी झाली. सगळीकडून बंद, फटीत सरस भरला. रेडिओ दुरुस्तीवाल्यानं त्याले दोन चित्रं काढून देल्ली, एक बंद पेटीचं, एक भोकाचं. बंद पेटीत आवाज स्वच्छ येते, भोकानं खोल येते पण घुमते, असं तो म्हणे.
त्याचंच मशीन अन् माइक लावून बंद पेटीवर कौसल्या गायली. माही मोठी पोरगी. नवऱ्यानं राजूरला दुसरी केली तवापासून आपल्या पोरीले, छकुलीले घेऊन माह्याकडेच आहे. सु. च्या गाण्याच्या पार्टीत पुढं गाणारी तीच, तेवढाच तिचा मान. हिवाळ्यात खोकल्यानं पडली, गळा जाड झाला. पण पेटीतून शब्द न् शब्द आला. मले भरून आलं.
सु. चं तोंड उतरलं. "माय, माही ढोलक कुठी गेली याच्यात?"

ता. १२
भोक पाडू का नको, तेच चाललं त्याचं. मी म्हटलं, रिकाम्या घागरीच्या तोंडाशी फुंकलं का ती पोटातून बोलते, भरत आली का आवाज बारीक होते. आत जागा किती अन् तोंड केवढं, त्याच्यावर आहे. तो हसन असं वाटलं, पण घागर घेऊनच बसला. पाणी ओतते, फुंकते, ओतते, फुंकते.
कौ. म्हणे, "सुख्या, हे पाणी कोण भरून आणन, तुही बायको?"
"येऊ तर दे."
"घागर फुंकणाऱ्याले कोण देते पोरगी!"
छकुली हसून हसून पालथी. मीपण.

ता. १६
भोक पाडलं, वाटीएवढं. ढोलकीवर थाप मारली तर छातीत लागली बाप्पा! भोकाशी हात धरला तर वारा येते, पेटी श्वास घेतल्यावानी. छकुली नाचली, मी टाळ्या वाजवल्या.
मग कौ. गायली. आवाज तिचाच, पण शब्द एकात एक कालवलेले. अर्ध्यातच सोडलं तिनं, चुलीकडे गेली. माह्या टाळ्या तिनं पाहिल्या ना.

ता. २२
पार्टीचे मास्तर बोरी अरबहून येऊन ऐकून गेले. ढोलकीले वाहवा. कौ. ले म्हणे, "बाई, शब्द समजून नाही राह्यले. लोक शब्द ऐकाले येतात. गळा बसला असन तर यंदा दुसरी पाहू."
मी म्हटलं, मास्तर, गळा नाही, पेटी आहे ते.
म्हणे, "पेटी तर झकास आहे."
कौ. नं त्यायले चहा देल्ला अन् आत गेली.

ता. २३
सु. आरा मशीनवर कामाले गेलता. मी भोकात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. कौ. म्हणे, "भावाचं काम कायले बिघडवतं माय?" तरी गायली. एकदम स्वच्छ!
सु. जेवाले आलता, दारातच उभा. बोळा काहाडला, बाजूले ठेवला. जेवला नाही. दोघंही माहेच, काय करू...

ता. ३०
दोघं बोलत नाहीत. छकुलीनं भोकात बाहुली निजवली, तेवढं हसू झालं.
सु. ले मी म्हणून गेली, तुले बहीण पायजे का ढोलक? बोलाले नोको होतं. त्यानं रंधा खाली ठेवला.
"तिले इचारलं का कोणी, तिले काय पायजे?"
नाही इचारलं. मीपण नाही.

ता. १ मे
इचारलं. ती छकुलीची वेणी घालून राह्यली होती.
"बोळा लावला तर लोक म्हणतीन, हिच्यासाठी ढोलक दाबली. नाही लावला तर दुसरी गाईन. काय सांगू?"
वेणी इतकी घट्ट घातली का पोट्टी रडली.

ता. ८ मे, पौर्णिमा
बैलबंडीत बसून लिहून राह्यली, अक्षरं हलतात. पेटी मागं, सतरंजीत गुंडाळून. मास्तरांनी दुसरी गाणारीपण बोलावली आहे, काल निरोप आला. जिचे शब्द समजतीन ती गाईन.
निघताना सु. नं भोकाच्या मापाचं सागवानी झाकण कौ. च्या हाती देल्लं, रंधा मारून गुळगुळीत केलेलं. "ताई, लावाचं का नाही, तू ठरव. मी तशी वाजवीन."
कौ. पांढऱ्या लुगड्यात बसली आहे, छकुली मांडीवर. मधात पेटीवरची सतरंजी सारली, झाकण भोकाशी नेलं, धरलं, पुन्हा मागं घेतलं. हलक्या आवाजात गाणं म्हणून पाहून राह्यली.
बोरी अरबचे निंब दिसाले लागले. झाकण अजून तिच्या हातातच आहे.