‘तपासले’ची कोरी चौकट

सर,

१. इंद्रलोक वसाहतीतल्या नव्या इमारतीचे सगळे नकाशे मी सोमवारी एकाच फाइलमधून एकदम छापायला लावले.
२. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यातली ‘तपासले’ची चौकट फाइलमध्ये कोरी ठेवली होती.
३. तुमचे भागीदार आता एकटेच मालक आहेत. तुझी आद्याक्षरं फाइलमध्येच टाक, म्हणजे गठ्ठा तपासलेलाच बाहेर येईल, असं ते म्हणाले.
४. मी विचार करून सांगते म्हटलं. शनिवारी सांगायचं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा नकाशे काढणारा प्लॉटर पेनांचा होता. आता पेनं नाहीत, शाईची डबी असते, आणि एका फाइलमध्ये सगळ्या मजल्यांची पानं रांगेत बसतात. त्या पेनांच्या दिवसांत मी प्रत्येक नकाशाची आज्ञा एकाखाली एक लिहून छोटी फाइल केली होती. ती चालू केली की माणसाची गरज नाही, असा माझा दावा होता. तुम्ही फक्त ‘बघू’ म्हणालात. मी कागदाचा रोल लावला आणि खारी गावात मावशीकडे जेवायला गेले. परत येते तर तुम्ही आणि शांती नगरचे बिल्डर शेठ टेबलावर वाकलेले आहात. खिडक्या काढणारं बारीक रेघांचं पेन पहिल्याच पानावर सुकलं होतं. भिंती, जिने, संडास, सगळं जागच्या जागी. एकाही घराला खिडकी नाही. शेठ शांतपणे म्हणाले, “मॅडम, हवा किधर से आयेगी?” मी पेनाला दोष दिला.

तुम्ही शेठना दारापर्यंत सोडून आलात. मग चहा मागवलात, माझ्यासाठी बिनसाखरेचा. “मशीनला घरात राहायचं नसतं गं,” तुम्ही म्हणालात. “त्याला खिडकी कशाला लागते? आपल्याला लागते, म्हणून आपण बघायचं.” मग एकेका पानावर डाव्या हाताचं बोट फिरवून कसं बघायचं ते दाखवलंत: आधी पाणी, मग उजेड, मग माणूस आत कुठून येतो. बघून झाल्यावरच चौकटीत सही, तीही हाताने. पुढच्या आठवड्यात प्लॉटरशेजारी एक उंच स्टूल आलं. कुणी आणलं ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. आभार मानायचे राहिलेच.

तुमचे भागीदार वाईट नाहीत. पगार वेळेवर देतात, आईच्या ऑपरेशनला सुट्टी दिली. “अगं, गठ्ठा एकदम निघतो तर सही पण एकदम निघू दे की,” ते हसत म्हणाले, आणि वर, ज्यांना हे जमतं अशी मुलं आता गल्लोगल्ली क्लास करून बाहेर पडतायत, हेही हसतच म्हणाले. मला ऐकू आलं.

सोमवारच्या गठ्ठ्यावर मी पानोपान बोट फिरवलं. चौथ्या मजल्यावर एका स्वयंपाकघराचा दरवाजा पाइपांसाठी मोकळ्या ठेवलेल्या डक्टमध्ये उघडत होता. तो दुरुस्त केला, पान परत काढलं, सही केली. हे मालकांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर शनिवारी नाही म्हणणं सोपं जाईल, आणि नाही म्हटल्यावर काय होईल याची मला भीती वाटते. असं मी ऑफिसात कुणाला म्हणणार नाही. घरीही नाही.

तुम्ही आता आहात तिथे टपाल जात नाही, म्हणून हे पाठवायला मी पाकीट आणलेलं नाही. तरी शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावं.