उतरवलेला पाला

रंजिता,

ऋतिकाला ताप हाय. तिला घेऊन नाक्यावरच्या डॉक्टरकडे चालले. तुझी ड्युटी सुटेपर्यंत थांबवलं न्हाय. भात झाकून ठेवलाय.

सुपातली निरगुडी बाळंतिणीला शेक दिलेली हाय. ती वाळली की अजून दोनदा धुरीला चालेल, मग राख वेलाला घाल. फुकट घालवू नको. बांधावर गोदामं झाली, निरगुडी आता आणायची कुठून?

दारामागच्या पिशवीतला पाला मात्र त्यात मिसळू नको. दृष्ट-दुखणं काढायला लोकांच्या अंगावरून उतरवलेला पाला घरात ठेवत न्हायत, वाहत्या पाण्यात सोडतात. मागच्या आठवड्यात तू मिसळलास तर मी केवढी ओरडले. लग्नाला सात वर्षं झाली तरी सुनेला कळत न्हाय, असं शेजारणीसमोर बोलले.

देव्हाऱ्यामागे पत्र्याचा डबा हाय. त्यात ऋतिकाच्या बापावरून, माझ्या धनेशवरून उतरवलेला पाला हाय. तीन दिवस मी त्याच्यावरून पालाच उतरवत बसले, चौथ्या दिवशी दवाखान्यात नेला, तो परत आला न्हाय. तू तेव्हाच म्हणत होतीस. तो पाला दोन वर्षं माझ्याच्यानं टाकवला न्हाय.

आज पोरीचं अंग तापलं तसा हात परत निरगुडीकडे गेला. मग तशीच तिला उचलली आणि निघाले.

येताना डबा घेऊन ये. दवाखान्यातून खाडीवर जाऊ. सोडायचा तो तू सोड, मी नुसती उभी राहीन. दमले गं.

आई