उरलेला एक तास

४ नोव्हेंबर
आज पोचलो. टेकडीवरची वेधशाळा फोटोतल्यापेक्षा छान निघाली. वर गोल छप्पर, खाली स्वच्छ खोली, पलंग, शेगडी. चौकीदारमामा म्हणाले, आधी जेवून घ्या, तारे काही पळून जात नाहीत. दादा गेल्यापासून आज पहिल्यांदा हसलो.
त्याचीच नोकरी मला मिळाली. त्याच्या तेजोमेघाच्या फोटोला चार तासांचे एक्स्पोजर हवे होते. तीन झाले आणि तो गेला. वहिनीला तो फोटो मुलींच्या खोलीत लावायचाय. उरलेला तास मी पुरा करीन.

६ नोव्हेंबर
पृथ्वी फिरते तशी दुर्बीण उलट फिरवायला तिच्याच बुडाशी मोटर आणि मोठे दातेरी चाक आहे. चाक जरा अडखळले की ताऱ्याची रेघ होते. वजने सरकवली, वंगण दिले. तरी रेघाच. दादाचे जुने फोटो काढून पाहिले. त्यातही रेघा. फक्त शेवटच्या रात्रीचे तीन तास तारे गोल, टाचणीच्या टोकासारखे.

८ नोव्हेंबर
मामांना खोदून विचारले. त्या रात्री दादाची बाही चाकात गेली. मग हात, खांद्यापर्यंत. सकाळी सापडला तेव्हा मोटर चालू होती. कॅमेराही.

९ नोव्हेंबर
चाक पुसताना मामांची करंगळी तुटली. रक्त भिंतीवर उडाले. पट्टी बांधून त्यांना गाडीने खाली पाठवले. मोटर बंद करायला विसरलो, असे त्यांना सांगितले.
बारा मिनिटे तारे गोल.

१० नोव्हेंबर
खाटकाकडून मांस आणून चाकात घातले. रेघा. त्याला जिवंतच लागते.
अठ्ठेचाळीस मिनिटे बाकी.

११ नोव्हेंबर
डाव्या हाताची दोन बोटे. हाड ओल्या काटकीसारखे मोडते — आधी वाकते.
एकतीस मिनिटे मिळाली. सतरा उरली.

१२ नोव्हेंबर
वहिनी आली. मामांनी कळवले असणार. माझा हात बघून रडली. म्हणाली, आग लागो त्या फोटोला, भावजी, घरी चला.
मी वर येऊन कॅमेरा लावला. ती मागोमाग — मोटर बंद करते म्हणाली — बटण तिला माहीत नाही — चाकच हाताने धरते आहे —

सांगायला हवे होते

तारा स्थिर. अगदी स्थिर. मनगट गेले. मला हाका मारते आहे. बटण माझ्याच हाताखाली आहे. अकरा मिनिटे झाली, आता फक्त सहा —

कोपर —

वहिनी, थोडाच वेळ, अजून थोड