मोहाच्या दारूतलं अनंतमूळ

प्रिय सासूबाई,

चौथीपर्यंतच शिकलेली मी, अक्षर सांभाळून घ्या. काल दुपारी जरा डोळा लागला आणि तुम्ही आलात. पदराला तोच अनंतमुळाचा गोड वास. बोलला काहीच नाहीत, म्हणून मीच लिहून राहिली. आनंद पोटात मावत नाही. आणि एक कबुलीही आहे.

तुमची पणती मुक्ता कॉलेजात मुळ्यांचे अर्क जंतूंवर लावून पाहते. शहपुऱ्याच्या बाजारातून अनंतमूळ मीच आणवलं. महिनाभर तिनं ते पाण्यात उकळलं. जंतू मरेनात. पोरगी ताटावर नुसती बसायची. पोळ्या गार. तशा हल्लीच्या गव्हाच्या पोळ्या गरमही कुठे चांगल्या लागतात, पण जाऊ द्या.

शेवटी मी म्हटलं, "तुझी पणजी मोहाच्या दारूत भिजवायची, बाई."

"दारूत? आजी, आधी काहून नाही सांगितलं?"

काय सांगणार? नवी नवरी होती मी. तुमच्या पेटीत बाटली सापडली, वास घेतला अन् मोरीत ओतली. वर ह्यांना सांगितलं, आई पिते. तुम्ही दाराआडून ऐकलंत. त्यानंतर गल्लीतल्या पोरांचे फोड त्या बाटलीऐवजी कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायला लागलात, तेव्हा कुठे मला कळलं, बाटलीच्या तळाशी मुळ्या कशासाठी होत्या. माझ्याशी बोलणं मात्र तसंच गोड. त्याबद्दल एक शब्द का नाही बोललात हो? रागावला असतात तर बरं झालं असतं.

परवा मुक्तानं कॉलेजात नेलं. काचेच्या ताटलीत जंतूंची साय धरलेली, तिच्यावर अर्कात बुडवलेल्या कागदाच्या टिकल्या. तुमच्या पद्धतीच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल, चंद्राला खळं पडावं तसा.

"दारूनंच मेले असतील ना ग?"

"नाही आजी. ही बघ, नुसत्या दारूची टिकली, वाळवून ठेवलेली. हिच्याभोवती काहीच नाही. गुण मुळीचा." मग दटावलं, "अच्छा, घरी कोणाला लावायला जाऊ नको. अजून ताटलीतच आहे सगळं."

मी कुठली ऐकते! त्या गोलात तुम्ही दिसत होतात. ओसरीवर, कोणाच्या तरी पोराचा पाय मांडीवर घेऊन.

ह्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं. आता ते तुमच्यापाशी आहेत, त्यांना तुम्हीच सांगा. इकडचं माझ्यावर. पित्रात सगळे जमतील, तुमचं पान वाढलं की कोणी घास घ्यायच्या आधी मी उभी राहीन आणि सांगीन, बाटलीत औषध होतं, आणि ती ओतली मी.

तुमची सून,
कमल