कोरी ओळ

अण्णा,

परवा दुपारी आपल्या वहीत एक नाव चढलं, आणि तेव्हापासून तुम्हाला सांगायची एक गोष्ट मनातून जात नाही. आधी रोजच्या डायरीत लिहून पाहिली. चार ओळींतच कळलं की मी स्वतःची समजूत घालते आहे, आणि मला माझं म्हणणं फार लवकर पटतं. तुम्हाला कुणाचंच लवकर पटत नसे. म्हणून हे तुम्हाला.

वीडु अजून तिथंच आहे, कालव्याच्या काठी. सहा खाटा होत्या, आता नऊ आहेत. दवाखाना म्हणायचं नाही, इथे कुणी बरं व्हायला येत नाही, बरं वाटायला येतात, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत आणि तमिळमधला वीडु, म्हणजे घर, हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. तेव्हा कमिटीत तुम्ही पाच जण होता आणि एकालाही या कामाची माहिती नव्हती, डॉक्टर सोडले तर. तुम्ही कालवेखात्यातून नुकते निवृत्त झालेले. भातगिरणीचे मालक, ज्यांना सगळं गाव मुदलाळी म्हणतं, त्यांनी जुनं घर दिलं. मी सहावी, लिहायला. अक्षर बरं आहे एवढंच माझं शिक्षण कामाला आलं.

मीटिंग स्वयंपाकघरात, पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी, ही पद्धत तुमचीच. मधे वर्तमानपत्रावर सांबाराच्या छोट्या कांद्यांचा ढीग, भोवती मांडी घालून सगळे, आणि कांदे सोलता सोलता निर्णय. हात रिकामे असले की माणूस भाषण करतो, असं तुमचं म्हणणं. मला अजून तो ढीग दिसतो. डॉक्टर एकेक पापुद्रा इतक्या जपून काढत आहेत की मुदलाळी शेवटी म्हणतात, "डॉक्टर, तो कांदा आहे. त्याला वाचवायचं नाहीये." सगळे हसतात. तुम्ही हसत नाही, चष्मा वर सरकवून म्हणता, "पुढचा विषय."

यादीचा नियमही असाच कांद्यांच्या ढिगाशी झाला. मॉर्फिनच्या परवान्यासाठी डॉक्टरांनी मद्रासला किती खेपा घातल्या होत्या. अखेर तो मिळाला, पण औषध वीडुच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही अशी अट होती. म्हणजे खाट मिळाली तर दुखणं थांबणार, नाही मिळाली तर घरी कण्हत पडायचं. दुसऱ्याच आठवड्यात शिफारशीच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या, अमक्याचे मेहुणे, तमक्या साहेबांची काकू. तुम्ही त्या सगळ्या चुलीत घातल्या आणि कालव्याच्या पाण्याची पाळी लावावी तशी यादी लावलीत. सिस्टर घरी जाऊन पेशंट पाहून येतील, गरज आहे म्हणतील, त्याच दिवशी नाव वहीत. तारीख हाच नंबर. कमिटीवाल्यांच्या नातलगांना पुढचा नंबर नाही. आणि वहीत ओळ कोरी सोडायची नाही. कोरी ओळ म्हणजे मागच्या दाराची किल्ली.

तुम्ही खरंच तसे होता. टेलिफोनसाठी अर्ज करून किती वर्षं झाली होती. बाजारात दर दोन दुकानांआड एसटीडीची पिवळी पाटी लागली, शेजाऱ्यांनी ओळख लावून फोन आणला, आणि तुम्ही दर सहा महिन्यांनी ऑफिसात जाऊन आपला नंबर कितवर आला ते बघून यायचात. मी चिडले की म्हणायचात, "येतंय की. सरकतंय." तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांनी लाइनमन दारात उभा राहिला आणि त्यानं तुमचं नाव विचारलं. मी सही केली. त्या फोनवर पहिला फोन कुणाला करावा ते मला सुचेना.

आता त्या सोमवारकडे येते.

तुमचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. कूस बदलायला तुम्ही दाराची चौकट धरत होता, आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून पंच्याचं टोक दातांत. सिस्टर आल्या, पाहून गेल्या. जाताना अंगणात चपला घालत म्हणाल्या, "आजच वहीत घाल. उशीर नको." वही माझ्याकडेच असायची, जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी. मी ती उघडली. यादीत त्या वेळी कुणीच वाट पाहत नव्हतं. आदल्या नावापुढे खाट मिळाल्याची खूण होती. तुमचं नाव पहिलं आलं असतं.

मी टोपण काढलं आणि थांबले. वही माझी, पेन माझं, वडील माझे, आणि नंबर पहिला. कोण काय म्हणेल हे मला आधी ऐकू आलं, मग दिसलं. वाटलं, रविवारी मीटिंगमध्ये सगळ्यांच्या समोर विचारून लिहावं, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. नियमात असं विचारणं कुठेच नव्हतं. मी एक ओळ सोडली आणि वही मिटली.

बुधवारी सिस्टर एका खेड्यातल्या बाईचं नाव घेऊन आल्या. भाताच्या शेतात राबणारी, बरोबर एकुलती मुलगी. मी ते कोऱ्या ओळीखाली लिहिलं. शुक्रवारी एका म्हाताऱ्या नादस्वरम वाजवणाऱ्याचं. तेही लिहिलं. मग रविवार आला.

सिस्टर त्या दिवशी खेड्यात गेल्या होत्या. तुमची जागा रिकामी. मी कांदे सोलता सोलता म्हणाले, अण्णांचं नाव वहीत घालायचं आहे, सगळ्यांची हरकत नसेल तर.

मुदलाळी माझ्याकडे बघतच राहिले. "यात विचारायचं काय, म्मा? लिही की."

डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर कधी पाहून आल्या?"

"याच आठवड्यात," मी म्हटलं.

सोमवार हा त्याच आठवड्यातला. मी खोटं बोलले नव्हते. त्यांनी मान हलवली आणि पुढचा कांदा घेतला. वही माझ्या मांडीवर उघडी होती. कोरी ओळ तिथेच होती, पण आता तिच्यात तुमचं नाव घालायचं म्हणजे आधीच लिहिलेल्या दोघांच्या डोक्यावर घालायचं. पाहणाऱ्याला वाटलं असतं की मुलीनं बाप मागून घुसवला. मी खाली, तिसऱ्या जागी लिहिलं.

घरी आले तर तुम्ही जागेच. "कितवा?" तुम्ही विचारलंत.

"तिसरा."

"पुढे कोण?"

मी सांगितलं. बाई आणि तिची मुलगी, आणि नादस्वरमवाले. तुम्ही वर पंख्याकडे बघत होता. मग म्हणालात, "सिस्टर सोमवारी येऊन गेली, नाही का?"

"होय."

तुम्ही आयुष्यभर नोंदवह्या तपासल्या. तुम्हाला ते जुळवायला किती वेळ लागला असेल. मी वाट बघत होते, ओरडाल म्हणून, निदान का म्हणून विचाराल. तुम्ही एवढंच म्हणालात, "सरी, बरं. पाळी आली की सांग." आणि भिंतीकडे तोंड करायला निघालात, ते निम्म्यातच अडकलात, आणि मी हात लावला तर "नक्को, नक्को" म्हणालात. तुम्हाला कळलं होतं का अण्णा? हा प्रश्न मी इतक्यांदा उलटसुलट केला आहे की त्याची धार गेली. कळलं असेल तर तुम्ही मला वाचवलंत. नसेल तर माझ्यावर विश्वास ठेवलात. यातलं कोणतं सोसायला सोपं ते मला अजून ठरवता येत नाही.

मंगळवारी एक खाट रिकामी झाली. ती बाई आली. तुमची पाळी आली नाही. दुसरी खाट पुढच्या बुधवारी रिकामी होणार होती, तीही नादस्वरमवाल्यांची. त्या बुधवारच्या पहाटे तुम्ही घरीच गेलात, शेजारच्या खोलीतल्या माणसांनाही ऐकू जाईल इतकं कण्हत. पंच्याचं टोक तोवर धरवेनासं झालं होतं.

ती बाई मात्र पाच आठवडे जगली. तुमचे दिवस झाल्यावर मी वीडुत गेले तेव्हा ती उशाला टेकून बसली होती आणि मुलीकडून वेणी घालून घेत होती. मूठभर केस, पण मुलीनं त्यात कनकांबराची फुलं माळली. बाई मला म्हणाली, "रात्रभर झोपले, ताये. किती महिन्यांनी झोपले." मला तिचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. तिची ती झोप काढून तुम्हाला द्यावी असं मी आज तरी म्हणू शकते का? नाही म्हणवत. पण मी ती तिला दिली नव्हती. तुमची होती, ती मी माझ्या नावाला डाग लागू नये म्हणून खर्चली, आणि ती तिच्याकडे गेली एवढंच.

यापुढचं अधिक वाईट आहे. तेराव्यानंतरच्या मीटिंगमध्ये डॉक्टर हातातला कांदा खाली ठेवून म्हणाले, नियम करणारे पुष्कळ असतात, त्याच नियमाखाली तिसऱ्या नंबरवर पडून राहणारा मी एकच पाहिला. मुदलाळींनी डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ही. बापासाठीसुद्धा रेघ ओलांडली नाही." तेव्हा बोलायला हवं होतं. त्यानंतर नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली गेली. डॉक्टर सांगायचे, आता मुदलाळींचा मुलगा सांगतो. मी तिथेच बसलेली असते. मान खाली घालते, आणि लोकांना ती नम्रता वाटते.

या सगळ्या वर्षांत मला सारखा तो लस्कर आठवतो, कालव्याचं शटर उघडणारा. मी नऊ-दहा वर्षांची असेन, तुमच्या सायकलच्या कॅरियरवर बसून आले होते. दोन्ही बाजूंना रोपं हिरवीगार, आणि एकच तुकडा पिवळा पडलेला. तुम्ही विचारलंत, हे कुणाचं? तो अभिमानानं पुढे झाला. "माझंच, सार. माझ्या शेताला मी सगळ्यांच्या शेवटी पाणी देतो. कुणी बोट दाखवायला नको." मला वाटलं तुम्ही त्याची पाठ थोपटाल. तुमचा चेहरा असा झाला की मी कॅरियरवरून खाली उतरले. "पाळीत तुझा नंबर कितवा?" "चौथा, सार." "मग चौथ्या पाळीला शटर उघड. पुढे घेतलंस तर सस्पेंड करीन आणि मागे ठेवलंस तरी करीन. या रोपांनी तुझं काय केलंय? बायकोपोरांना ताटात काय वाढणार आहेस, तुझं चांगलं नाव?" मला त्या माणसाची कीव आली होती. तुम्ही उगाच कठोर वागलात असं वाटलं होतं, आणि मोठी झाल्यावरही मी आईजवळ ही गोष्ट तुमच्या हट्टीपणाचा नमुना म्हणून सांगत असे. त्या सोमवारी पेन उघडून बसले तेव्हा ती आठवली नाही. आठवली असती तर काय केलं असतं, हे मी लिहीत नाही, कारण त्याचं उत्तर मी माझ्या बाजूनंच देईन.

परवाचं सांगते. कमिटीत एक तरुण आला आहे, राजवाड्यामागच्या गल्लीतला, आपल्यातलाच. मोबाइल फोनचं दुकान आहे. आपली मराठी समजते, वाचता येत नाही, बोलताना निम्मी तमिळ. सध्या वही त्याच्याकडे असते. त्याच्या सासूबाईंना पाहून आताची तरुण सिस्टर परत आली, आणि हा वही उघडून नुसता बसलेला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "रविवारी मीटिंगला विचारून लिहितो, अक्का. उगीच लोक म्हणतील, कमिटीत शिरला आणि सासूला घुसवलं."

"सिस्टर आज जाऊन आली ना?"

"होय की."

"मग आज लिही. आत्ता."

"चार दिवसांनी काय बिघडतं, अक्का?"

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि परत त्याच्या हातात दिलं. त्यानं लिहिलं. मग हलकं वाटल्यासारखा हसून म्हणाला, "पेरियवरांचं नाव पण असंच लिहिलं असणार ना तुम्ही? सिस्टर आली त्याच दिवशी?"

तुम्हाला तो कधी भेटला नाही, पण तुम्हाला पेरियवर, थोरले, म्हणतो. इतकी वर्षं कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. फक्त नाही म्हणायचं होतं.

मी हो म्हटलं, अण्णा.

आज वीडुच्या कपाटातून ती जुनी वही काढून आणली. कोरी ओळ आहे तशी आहे. कुणी आजवर विचारलं नाही की ही का. हे कागद घडी करून त्याच पानात ठेवणार आहे, म्हणजे कधीतरी कुणाच्या तरी हाती लागतील आणि सगळं उघड होईल, असं मी सकाळपासून स्वतःला सांगते आहे. पण ती वही तमिळमध्ये आहे आणि हे मी तुम्ही पाटीवर गिरवून घेतलेल्या आपल्या मराठी अक्षरांत लिहिलं आहे. माझ्या मुलीलाही ती येत नाहीत. वीडुत ती वाचू शकणारे तुम्ही एकटेच होता. हे मला लिहायला बसण्याच्या आधीपासून ठाऊक होतं.