देवदूताचे ओठ

ब्रुज, २१ जानेवारी १४८४

आजही योस बाहेर गेला! घोटायला घेतलेला निळा रंग तसाच टाकून. म्हणे, "जवसाचं तेल संपलंय." बरणी गळ्यापर्यंत भरलेली आहे. मी झाकण काढून पाहिलं.

२३ जानेवारी

परत तेच. आला तेव्हा डगल्याला शिरक्याचा आणि लव्हेंडरचा वास. तेलवाल्याकडे कधीपासून लव्हेंडर मिळायला लागलं?

२६ जानेवारी

विणकरांचे प्रमुख त्यांच्या वेदीसाठी सांगितलेलं चित्र बघायला आले. देवदूत मारियेला येशूच्या जन्माचा निरोप सांगतोय, ते. लिलीची फुलं योसनं अशी काढलीत की म्हातारा वास घ्यायला वाकला, मग स्वतःच हसला. पण लगेच कुरकुर — "देवदूताच्या तोंडून सोनेरी अक्षरं निघतात ना? ती कुठायत?"

"अक्षरं काढली की लोक वाचतात. ऐकत नाहीत," योस म्हणाला.

"मग काय, आवाज रंगवणार?"

"बघतो."

देवदूताच्या तोंडावर फडकं टाकलेलं. त्यांना दाखवलं नाही, ठीक. मलाही नाही! लग्न झाल्यापासून याचं प्रत्येक चित्र मी कच्चं असल्यापासून पाहिलंय.

२८ जानेवारी

समोरची बिअरवाली विलमिन मुद्दाम सांगायला आली. "अगं लिव्हिन, तुझा नवरा कालव्यापलीकडे बेगीन बायकांच्या दारात! टोपी काढून, केस नीट करून!" वर म्हणते, "त्या बिचाऱ्या लग्न न करता देवाचं नाव घेत राहतात, रोग्यांची सेवा करतात हो, मनात काही आणू नकोस."

आणलं.

३० जानेवारी

तो बाहेर गेल्यावर फडकं उचललं. देवदूताचा चेहरा नेहमीचाच, कुणाच्याही चित्रात असतो तसा. पण तोंड नाही. तिथला रंग इतक्यांदा खरवडलाय की खालचा पांढरा थर दिसतो. ओठांचा एवढा ध्यास? कुणाचे ओठ जमत नाहीयेत याला?

२ फेब्रुवारी, मेणबत्त्यांचा सण

मिरवणुकीतून सटकला. मी मागोमाग.

बेगीनांच्या अंगणात बाकावर बसला होता. शेजारी एक बाई बोलत होती आणि हा तिच्या तोंडाकडे टक लावून! माझ्याकडे असं शेवटचं कधी बघितलं? तो जाईपर्यंत दारामागे थांबले. मग तिला गाठलं. जवळून बघते तर चांगली वयस्क, चेहऱ्यावर देवीचे वण, शिरक्यानं धुऊन धुऊन सोललेले हात.

"माझा नवरा तुझ्याकडे कशाला येतो?"

"तुम्ही तानेकेची आई?"

ते नाव. गेल्या वर्षीच्या प्लेगच्या साथीनंतर मी घरात बजावलं होतं — ते कुणी घ्यायचं नाही. आमच्या दाराला रोगाची खूण म्हणून गवताची पेंढी टांगलेली, मी तापात बेशुद्ध, योसला आत कोंडलेलं. पोरीला इथे आणलं. इथेच गेली. आम्ही दोघंही जवळ नव्हतो.

"शेवटी ती काय बोलली, कसं बोलली, तेच विचारतात हो," पिरीन म्हणाली. तिचं नाव पिरीन.

"काय बोलली?"

"'दार उघडं ठेवा, बाबा येतील.'"

माझ्या पोरीनं बापाला आयुष्यात बाबा म्हटलं नाही. माझं ऐकून ती त्याला योसच म्हणायची, सगळी गल्ली हसायची. मी तसं तोंडावर सांगितलं. तिनं हात झग्याला पुसले.

"इतकी पोरं आली हो त्या दिवसांत. कोण कुणाचं, काही आठवत नाही. ते दारात उभे होते. 'आठवत नाही' म्हणवेना मला. एका पोराचं बोलणं सांगितलं. खोटं नाही ते, कुणाचं तरी खरंच आहे."

एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. तिचे ते सोललेले हात बघून आवरलं.

५ फेब्रुवारी

ओठ काढायला घेतलेत. फडकं नाही आज. किंचित उघडे, आता बोलतील असे. काम करताना गुणगुणतोय! वर्षभरात पहिल्यांदा.

सांगू? सांगितलं तर परत खरवडेल. नाही सांगितलं तर दुसऱ्याच्या पोराचं बोलणं माझ्या पोरीच्या नावानं कायम वेदीवर! त्या बाईचा राग येतो. त्याचा तर जास्तच. परक्या बाईला विचारलं, मला नाही.

६ फेब्रुवारी

सूप करपलं. तरी त्यानं सगळं संपवलं.

९ फेब्रुवारी

आज सांगून टाकलं. सगळं. तो कुंचला धूत राहिला.

"माहीत आहे," म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. तानेके मला बाबा कधी म्हणाली?"

"मग जात कशाला होतास?"

"तिथे तिचं नाव घेता यायचं."

मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. म्हटलं, "सकाळी उठल्या उठल्या आवाज घोगरा असायचा तिचा."

त्यानं कुंचला खाली ठेवला. "अजून सांग."